दोरावरची ओबेलिया

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ओबेलिया, समुद्रातल्या चिमुकल्या प्राण्यांची एक वसाहत, भेटते ती काचपट्टीवर, गुलाबी रंगवलेली, कधीच मेलेली. पेन्सिलीने तीन-चार फांद्या काढायच्या, भागांना नावं द्यायची, जर्नलवर सही घ्यायची. संपलं.

जिवंत ओबेलियासाठी फार लांब जावं लागत नाही. पावसाळा सरून खाडीचं पाणी पुन्हा खारं झालं, की धक्क्याचा एखादा कायम बुडालेला जुना दोर ओहोटीला वर ओढायचा. बार्नॅकल आणि शिंपल्यांच्या मधून पिंगट केसांसारखे पुंजके लोंबत असतात. शेवाळ म्हणून कुणीही खरवडून टाकेल. पुंजका लगेच समुद्राच्याच पाण्यात सोडायचा, बशी सावलीत ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

हिसक्याने पॉलिप, म्हणजे वसाहतीतले एकेक जीव, आपापल्या पेल्यांत आक्रसलेले असतात. काही वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पारदर्शक पेला जागा होतो, शुंडकांचं कडं बाहेर पसरतं. मग पिपेटने आर्टेमिया या इवल्या कवचधारी जीवाची नारिंगी पिल्लं सोडायची. शुंडकाला टेकलेलं पिल्लू दंशपेशींनी लुळं पडतं आणि तोंडात ओढलं जातं. खरी गंमत त्यानंतरची. नारिंगी कण देठात उतरतात, खोडातल्या पोकळीतून पुढे सरकतात, थबकतात, उलटे फिरतात. साऱ्या वसाहतीची पचनपोकळी एकच. एकाने खाल्लेलं उपाशी शेजाऱ्यालाही पोचतं. काचपट्टीवर हे दिसणार कसं? आणि हे न बघता ‘वसाहत’ शब्द पाठ करण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

फांद्यांच्या बेचक्यांत लांबट कुप्या असतात. त्यांतल्या पॉलिपला तोंड नाही, शुंडकं नाहीत. तो याच प्रवाहावर पोसला जातो आणि अंगावर मेड्युसांच्या, म्हणजे सुटून पोहणाऱ्या रूपाच्या, कळ्या धरतो. नशीब असेल तर एखादी इवलीशी मेड्युसा कुपीच्या अरुंद तोंडातून धडपडत सुटते आणि झटके देत पोहू लागते. नर-मादी वेगळे, त्यांच्यापासून होणारी प्लॅन्युला अळी कुठेतरी चिकटली की नवी वसाहत. लिनियसने 1758 मध्ये नाव दिलं ते चिकटून राहणाऱ्या रूपाला; पेराँ आणि लेस्यूर यांनी 1810 मध्ये ‘ओबेलिया’ म्हटलं ते पोहणाऱ्या मेड्युसेला. दोन्ही एकच, हे नंतर उमगलं.

बशीतलं पाणी बदलायला विसरलात तर पेले रिकामे होऊ लागतात. पॉलिप पळालेले नसतात. वसाहत त्यांना विरघळवून त्यांचं द्रव्य खोडात ओढून घेते. ताजं पाणी आणि खाणं मिळालं, की त्याच देठांवर नवे पॉलिप येतात.