गाडीमागची गाडी

मुलगा परदेशी असला की आईबापांच्या वाट्याला दोनच कामे उरतात. एक, फोनवर "जेवलास का?" असे विचारणे; आणि दुसरे, अधूनमधून तिकडे जाऊन त्याच्या संसारात लुडबूड करणे. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता हे दुसरे काम करण्यासाठी अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहराजवळच्या एका उपनगरात चार महिने मुक्काम ठोकून होतो. त्या चार महिन्यांत नायगारा पाहिला, मोठमोठी संग्रहालये पाहिली. पण मला विचाराल तर खरे लक्षात राहिले ते चिरंजीवांच्या मोटारीखाली उताणे पडून काढलेले दोन दिवस!

त्याचे असे झाले. तिथल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव एका शाळेच्या सभागृहात होतो. मखर, पडदे, समया, मोठाली पातेली हा सगळा संसार वर्षभर एका सभासदाच्या तळघरात असतो. तो सभागृहापर्यंत न्यायचा कसा, यावर दरवर्षी खल होतो. त्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी भर बैठकीत जाहीर केले, "ट्रेलर भाड्याने आणू. माझ्या गाडीला जोडतो. गाडीला हिच नाही, पण ती मी घरीच बसवीन."

सूनबाई म्हणाल्या, "अरे, दुकानातून बसवून घे ना! तासाभराचं काम."

पण दुकानदाराने सांगितलेली मजुरी जवळजवळ लोखंडाच्या किमतीइतकीच होती. शिवाय घरात चार पाने आणि एक निवृत्त बाप मोकळाच होता. तेव्हा बेत ठरला.

हे आहे तरी काय?

ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेली, मोटारीमागून ओढत न्यायची गाडी. ती जोडण्यासाठी मोटारीच्या पोटाखाली, अगदी मागे, एक भक्कम पोलादी आडवी दांडी बोल्टांनी पक्की करतात. दांडीच्या मध्यावर एक चौकोनी नळी असते. नळीत एक पट्टी सरकवायची, तिला खिळीने अडकवायचे आणि पट्टीच्या टोकावर लिंबाएवढा पोलादी गोळा बसवायचा. ट्रेलरच्या दांड्याला पुढे एक उलटी वाटी असते. ती गोळ्यावर बसवून कुलूपबंद केली की झाली जोडणी. गोळा वाटीत सगळीकडे फिरतो, म्हणून वळणावर आणि चढउतारावर दोन्ही गाड्या एकमेकींशी भांडत नाहीत.

अमेरिकन माणसाला या गोष्टीचे काही कौतुक नाही. तिकडे बिऱ्हाड हलवायचे तरी ट्रेलर, नाव तलावावर न्यायची तरी ट्रेलर. दुसरे महायुद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ साली, वॉशिंग्टन राज्यातल्या रिजफील्ड गावी लेनर्ड शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी या जोडप्याने ट्रेलर भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला. एका गावी घ्यावा आणि दुसऱ्या गावी सोडून द्यावा, अशी ती सोय. 'यू-हॉल' या नावाने तो धंदा देशभर पसरला. त्या काळच्या मोटारींचे बंपर पोलादी असत, त्यांनाच पकड आवळून ट्रेलर ओढीत. आताच्या मोटारीचा बंपर बाहेरून प्लॅस्टिकचा! म्हणून जोड द्यायची ती थेट मोटारीच्या सांगाड्याला.

मोठा आकडा खोटा

खोके घरी आले. आतली दांडी उचलताना माझी कंबर बोलली. दांडीवर आकडा छापला होता : ५,००० पाउंड. गोळ्यावर कोरले होते : ६,००० पाउंड. मी खूश होऊन म्हटले, "वा! मग आपण अख्खं मंडळ ओढून नेऊ!"

चिरंजीवांनी काही न बोलता मोटारीची पुस्तिका उघडून पुढे धरली. तीत लिहिले होते, ओढण्याची मर्यादा ३,५०० पाउंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो.

"बाबा, यातला सर्वांत लहान आकडा तोच खरा. बाकीचे नुसते वाचायचे."

साखळीची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकी, हे आपण शाळेत ऐकलेले असते. पण ते असे पोलादावर कोरलेले क्वचित भेटते. दांडी मजबूत घेतली म्हणून मोटारीचे इंजिन, ब्रेक आणि मागच्या स्प्रिंगा मजबूत होत नाहीत. गोळ्याच्या मापाचेही तसेच. पावणेदोन इंचांहून किंचित मोठा, दोन इंची आणि सव्वादोन इंचांहून थोडा मोठा, असे तीन गोळे बाजारात सर्रास मिळतात. वाटी ज्या मापाची, गोळा त्याच मापाचा हवा. मोठ्या वाटीत लहान गोळा दिसायला बसतो, आणि खड्डा आला की निसटतो!

परकराची नाडी आणि गंजलेला आटा

शनिवारी सकाळी काम सुरू झाले. मोटार सपाट जागेवर घेतली, हातब्रेक ओढला, पुढच्या चाकांना ठोकळे लावले. मागची बाजू जॅकने उचलून खाली दोन लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही मोटारीखाली जाऊ नये. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. घोड्या लागल्यावरही चिरंजीवांनी मोटारीला दोन्ही हातांनी हलवून पाहिले आणि मगच आम्ही आत शिरलो.

धुराड्याची नळी रबरी कड्यांवर लोंबत असते. त्या कड्यांना साबणाचे पाणी लावून ती सोडवली आणि खाली पडू नये म्हणून दोरीने बांधून ठेवली. मग बोल्ट. प्रत्येक बाजूला तीन, एकूण सहा. त्यांतले दोन-दोन सांगाड्यात आधीच डकवलेल्या नटांत जायचे होते. तिसरा मात्र सांगाड्याच्या पोकळ पेटीतून, आतून बाहेर यायचा होता. त्या पेटीत हात जात नाही. खोक्यात टोकाला स्प्रिंगसारखे वेटोळे असलेली एक तार होती, ती कशासाठी हे आम्हा दोघांना कळेना.

चहा घेऊन आलेली आमची मंडळी क्षणभर पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, परकरात नाडी ओवतात तशी ओवा की!"

आणि खरोखरच तसे होते. तार बोल्टच्या भोकातून घालायची, दुसऱ्या मोठ्या भोकातून बाहेर काढायची, वेटोळ्यात बोल्ट फिरवून अडकवायचा आणि तार ओढत त्याला जागेवर आणायचे. दोन्ही इंजिनियर गप्प झाले.

पुढे मात्र गंमत संपली. मिशिगनात हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी मोटारीच्या पोटाला लागते आणि लोखंड गंजते. पाच बोल्ट हाताने फिरत गेले. सहावा दोन आटे गेला आणि अडला. चिरंजीव हत्यार आणायला आत गेले होते. मी मनात म्हटले, एवढ्यातेवढ्यासाठी कशाला थांबायचे? मोठा पाना लावला आणि दिला जोर. बोल्ट कुरकुरला, अर्धा वेढा फिरला आणि तिरका होऊन रुतून बसला.

"राहू दे रे," मी म्हटले, "पाच घट्ट आहेत. सहावा असाच शोभेला!"

चाळीस वर्षे कारखान्यात काढलेल्या माणसाचे हे शब्द! पण जे यंत्र मालकाचे असते त्याच्या बाबतीत आपण काटेकोर असतो आणि घरच्या वस्तूला 'चालतंय की' म्हणतो, हा आपला जुना स्वभाव.

चिरंजीव माझ्याशेजारी आडवे झाले, बोल्टकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "बाबा, मागच्या सीटवर कोण बसतं?"

मागच्या सीटवर माझी सहा वर्षांची नात बसते.

त्या दिवशी काम तिथेच थांबले. रुतलेला बोल्ट हलक्या हाताने उलटा फिरवून काढला. नटात तारेचा ब्रश फिरवला, गंज सोडवणारे तेल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. रविवारी आटे पाडायच्या टॅपने नटाचे आटे साफ केले आणि नवा बोल्ट लावला. तो शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी फिरत गेला. बोल्टची परीक्षा हीच : आधी बोटे, मग पाना.

किती घट्ट म्हणजे घट्ट?

आपल्याकडे "हात दुखेपर्यंत" हे घट्टपणाचे माप आहे. तिथे पत्रकात लिहिले होते, ७५ फूट-पाउंड. म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला ७५ पाउंडांचा, सुमारे ३४ किलोंचा, जोर. तो मोजणारा टॉर्क पाना मिळतो. ठरलेला जोर झाला की 'टक्' असा आवाज करतो.

हे माप कशासाठी? बोल्ट आवळताना तो केसभर ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा दांडीला सांगाड्यावर दाबून धरतो. ट्रेलरची ओढ मुख्यतः पेलते ते या दाबामुळे होणारे घर्षण. कमी आवळला तर दांडी सूतभर सरकू लागते आणि बोल्ट सैल होत जातो. जास्त आवळला तर बोल्ट कायमचा लांबतो आणि त्याचा जीव जातो. सहा वेळा 'टक्' झाले. मग चिरंजीवांनी नातीची गुलाबी नखपॉलिश मागवली आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून दांडीवर एक रेघ ओढली. बोल्ट पुढे फिरला तर रेघ तुटलेली दिसणार. कारागीर या रेघेला साक्षीदार मानतात.

दिव्यांचे काम त्या मानाने सोपे. चार तारा : पांढरी जमिनीची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या वळणाची व ब्रेकची, हिरवी उजव्या वळणाची व ब्रेकची. बऱ्याच मोटारींत ब्रेकचा आणि वळणाचा दिवा वेगळा असतो, पण साध्या ट्रेलरवर एकच दिवा दोन्ही कामे करतो. म्हणून मध्ये एक छोटी डबी बसवावी लागते. सूनबाईंनी आत बसून ब्रेक दाबला, मी मागे उभा राहून "लागला!" म्हणून ओरडलो.

उलाळ गाडी

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ट्रेलर आला. तरुण मंडळींनी उत्साहाने सामान भरले. जड पातेली शेवटी आली, म्हणून मागेच ठेवली. मी दांडा हाताने उचलून पाहिला, तर तो फुलासारखा वर आला. आणि एकदम मला माझ्या आजोळचा गाडीवान आठवला. बैलगाडीत पोती मागे जास्त झाली की तो म्हणे, "गाडी उलाळ झाली." उलाळ गाडीचे जू वर उचलते, आणि भार फार पुढे आला तर बैलांच्या माना मोडतात. जुवावर थोडा भार हवाच, पण थोडाच.

ट्रेलरचे शास्त्र अगदी हेच सांगते. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांड्याच्या टोकावर हवा. कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि मोटारीलाच ओढत नेतो. जास्त झाला तर मोटारीची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड सुटते.

आम्ही न्हाणीघरातला वजनकाटा आणला, खाली विटा रचून दांड्याचे टोक त्यावर टेकवले. ट्रेलरचे स्वतःचे वजन त्याच्यावर लिहिले होते, त्यात सामानाचा अंदाज मिळवून एकूण १,६०० पाउंड धरले होते. म्हणजे टोकावर १६० ते २४० हवेत. काटा दाखवीत होता ६०! पातेली पुढे, पडदे मागे, असे पुन्हा भरले. साधारण साठ टक्के भार पुढच्या अर्ध्यात आला आणि काटा १९० वर स्थिरावला. शनिवारी मान खाली घालणाऱ्या बापाची मान जरा वर झाली.

मग साखळ्या. त्या दांड्याखालून एकमेकींना फुली देऊन अडकवतात. वाटी निसटलीच तर दांडा रस्त्यावर न पडता या झोळीत पडतो. चिरंजीव ताशी ५५ मैलांच्या वर गेले नाहीत. थांबायला अंतर जास्त ठेवायचे, वळण मोठे घ्यायचे, आणि ट्रेलर डोललाच तर ब्रेक न मारता चाक सरळ धरून नुसता वेग सोडायचा, हे त्यांनी आधीच पाठ केले होते. मागे घेताना हात चाकाच्या तळाशी धरावा. हात जिकडे नेऊ तिकडे ट्रेलर वळतो.

हे वाचून कुणी उद्याच आपल्या मोटारीखाली शिरू नये. आपल्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मोटारीच्या मूळ रचनेत फेरबदल करण्यावर बंधने घालते, तेव्हा आधी आर.टी.ओ.त चौकशी करावी हे बरे.

सभागृहाशी पोहोचल्यावर सगळे मखर उतरवायला धावले. मी मात्र धोतर सावरून पुन्हा मोटारीखाली वाकलो. सहाही गुलाबी रेघा जिथल्या तिथे होत्या. सहाव्या बोल्टवरून उगीचच बोट फिरवले आणि आरतीला गेलो.

आता पुण्याला परत आल्यावर फोनवर ही "जेवलास का?" विचारते. ते झाले की मी फोन घेतो आणि विचारतो, "रेघ जागेवर आहे ना रे?"