तंबाखू-कॅरॅमलची बाटली घरी तयार करावी काय?

शहागंजातील एका अत्तराच्या दुकानात बसलो असता एक तरुण आला. आखातातून आलेल्या नातलगाने दिलेली ई-सिगारेटच्या द्रवाची रिकामी बाटली त्याने पुढे ठेवली आणि म्हणाला, "चाचा, यही बास होना." तंबाखू आणि कॅरॅमलचा तो वास. घरीच मिसळून मित्रमंडळींना विकायचा त्याचा बेत होता. बाटलीमागे किती सुटेल याचा हिशेबही तो मांडून आला होता.

हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली व त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सारेच त्यात आले. पूर्ण वस्तूच काय, तिचा भागही वर्ज्य. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठ्यासाठीही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कायदा बाजूला ठेवला तरी फुप्फुसे राहतातच. खाण्याचा इसेन्स वापरला म्हणजे धोका नाही, असा या मुलांचा समज असतो. पण पोटाला चालते ते छातीला चालतेच असे नाही. कॅरॅमलच्या अनेक इसेन्सना लोण्याचा स्वाद देणारे डायअ‍ॅसिटिल घ्या. अमेरिकेत मिसुरी राज्यातील पॉपकॉर्न कारखान्यात लोणी-स्वादाच्या वाफेत काम करणाऱ्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या खराब झाल्याचे २००० साली उघडकीस आले. तेलकट इसेन्सची वाफही छातीसाठी घातक. आणि साखर जाळून, तंबाखू ग्लिसरीनमध्ये भिजवून केलेला घरगुती रस तर तापलेल्या तारेवर करपून बसतो. निकोटीन हे कातडीतूनही अंगात भिनणारे विष आहे, हेही सांगितले पाहिजे.

वास मात्र खरोखर सोपा आहे, आणि धंद्याची गोष्ट येथे सुरू होते. त्यासाठी तंबाखूचे पानही लागत नाही! एथिल माल्टॉल नावाच्या पांढऱ्या भुकटीला जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'सारखा जळत्या साखरेचा वास असतो. कुमारिनला वाळल्या गवताचा, म्हणजे जवळपास तंबाखूचाच. व्हॅनिलिनने गोडी येते, लॅब्डेनमच्या राळेने जडपणा, वाळ्याच्या तेलाने मातीचा दम. (भाजलेल्या मेथीला ओळखीचा वास देणारे सोटोलॉन अगदी थोडे असले की कॅरॅमलसारखे लागते. आपल्या स्वयंपाकघरातलीच गंमत!)

दुकानदाराने सांगितलेली पद्धत अशी. भुकट्या व राळ यांची डीपीजी या द्रवात दहा-दहा टक्क्यांची वेगवेगळी द्रावणे करावीत. दहा मिलिलिटरच्या शिशीत व्हॅनिलिनचे १० थेंब, कुमारिनचे ८, एथिल माल्टॉलचे ४, लॅब्डेनमचे ३ व वाळ्याच्या तेलाचा १ थेंब टाकून उरलेली शिशी डीपीजीने भरावी. आठवडाभर अंधारात ठेवून मगच फाया लावून पाहावा. एथिल माल्टॉल जास्त झाले की अत्तराला मिठाईच्या दुकानाचा वास येतो. नवशिक्यांचा हात नेमका तेथेच सुटतो. जमले की थेंब सोडून सोनाराच्या काट्यावर वजनाने लिहून ठेवावे, नाहीतर दुसरी शिशी पहिलीसारखी होत नाही. हे लावण्यासाठी आहे, ओढण्यासाठी नव्हे. मद्यार्क नसल्याने नमाजाला जाताना अत्तर लावणारे गिऱ्हाईकही नाही म्हणणार नाही.

स्वतःसाठी शिशी करणे वेगळे. विकायची झाल्यास अत्तर सौंदर्यप्रसाधनांत मोडते व २०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना हवा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची पायरी चढावी लागते. तो खर्च झेपत नसेल तर आधी परवानाधारकाकडून तयार माल घेऊन विकावा आणि नाक तयार होऊ द्यावे.

तरुणाने रिकामी बाटली खिशात घातली आणि निघून गेला. दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा दुकानदार हसून म्हणाले, "आला होता. एथिल माल्टॉलचा भाव विचारून गेला."