गाळणीतून निसटलेला ‘कापुस’

लेखिका नयनतारा सहगल यवतमाळला आल्या नाहीत, त्यांचा चेहरा मात्र आला. जानेवारी २०१९ मधल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचं त्यांना दिलेलं निमंत्रण विरोधाच्या धमक्यांनंतर मागे घेतलं गेलं, आणि मांडवात काही स्त्रिया त्यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून बसल्या. भाषण आधीच लिहून तयार होतं. ते वर्तमानपत्रांनी छापलं, या फोनवरून त्या फोनवर फिरलं. निमंत्रण मागे घेणारे आयोजक होते, सरकार नव्हे, हे सांगायलाच हवं. पण दाबलेला मजकूर दुसरं सोंग घेऊन कसा बाहेर पडतो, याचा आमच्या जिल्ह्यातला हा ठसठशीत नमुना. या खेळाचं सर्वांत मोठं मैदान आहे चीनमध्ये.

मार्च २०२० मध्ये वुहानच्या मध्यवर्ती रुग्णालयातल्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. ऐ फेन यांची मुलाखत ‘रेनवू’ या मासिकात आली. नव्या आजाराबद्दल सहकाऱ्यांना सावध केलं म्हणून वरिष्ठांनी आपल्याला कसं झापलं, ते त्यांनी त्यात सांगितलं होतं. मुलाखत लगोलग इंटरनेटवरून गायब झाली. मग लोकांनी ती उलटी लिहिली, शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे. कुणी मोर्स संकेतात लिहिली, कुणी इमोजीत, कुणी हाडांवर कोरलेल्या प्राचीन चिनी लिपीत. एवढं उकलत कोण बसणार? बहुतेक कुणीच नाही. पण मजकूर पुसला गेलाय, ही बातमी त्या विचित्र रूपामुळेच सगळीकडे पोचली.

नको तो मजकूर अडवणारी संगणकाची गाळणी चकते कशी, ते आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत बसूनही पाहता येतं. व्हॉट्सॲपचा संदेश वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. चीनमधल्या वीचॅटवर तशी सोय नाही, मधल्या सर्व्हरवर सगळं उघडं असतं. समजा, आर्णीतही असंच ॲप आहे आणि ‘कापूस’ हा शब्द बंदीच्या यादीत टाकलाय. संगणकाला त्यात ना बोंड दिसतं ना सरकी. त्याला दिसते पाच खुणांची रांग: क, काना, प, दीर्घ उकार, स. युनिकोडमध्ये प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. ही रांग जशीच्या तशी सापडली की संदेश अडतो. आता कुणी ऱ्हस्व उकारानं ‘कापुस’ लिहिलं, तर चौथा क्रमांक बदलतो आणि संदेश सुटतो. ज्यांच्या वह्यांवर मास्तरांनी वर्षानुवर्षं लाल शाई ओतली, ते सगळे इथून सहीसलामत पार!

दोन दिवसांत ‘कापुस’ही यादीत जाईल. मग ‘पांढरं सोनं’. तेही गेलं तर ‘पऱ्हाटी’. आणि आर्णीत कुणी नुसतं ‘दाभडीचा चहा’ म्हटलं तर? २० मार्च २०१४ रोजी याच तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींनी शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली होती. ती चर्चा आणि तेव्हापासूनचा कापसाच्या भावाचा सगळा हिशेब वाचणाऱ्याच्या डोक्यात आपोआप उघडतो. बंदीचा एकही शब्द त्यात नाही.

चिनी भाषेला ही सोय जन्मजातच आहे. सूर बाजूला ठेवले तर तिच्यात जेमतेम चारशे उच्चार, अक्षरं मात्र हजारो. ‘सुसंवादी समाज’ या सरकारी घोषणेतल्या सुसंवादाचा लोकांनी नदीतला खेकडा करून टाकला, कारण दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखेच. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये असे समोच्चारी शब्द संगणकाकडूनच तयार करून घेतले आणि वेइबो या चिनी समाजमाध्यमावर टाकून पाहिले. ते मूळ शब्दांपेक्षा साधारण तिप्पट वेळ टिकले.

चित्रांची गाळणी निराळी. एका सोप्या पद्धतीत फोटो आधी आठ बाय आठ चौकोनांइतका लहान करतात. प्रत्येक चौकोन सरासरीपेक्षा उजळ की काळपट, एवढंच नोंदवतात, आणि चौसष्ट हो-नाहींचा ठसा तयार होतो. फोटो थोडा उजळवला, बारीक केला, तरी ठसा फारसा हलत नाही. उलटा केला की मात्र सगळे चौकोन जागा सोडतात. एप्रिल २०२२ मध्ये शांघायच्या टाळेबंदीतल्या लोकांचे आवाज जोडून केलेला सहाएक मिनिटांचा ‘एप्रिलचे आवाज’ हा व्हिडिओ लोकांनी आडवा-उलटा करून पुन्हा पुन्हा टाकला, तो यासाठीच.

आपल्याकडे बंदीला चकवण्याचं हे काम एकेकाळी पुराणकथेनं केलं. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’मधला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे १९०७ साली पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. इंग्रजांनी बंदी घालेपर्यंत १९१० उजाडलं. तीन वर्षं! आता एवढी सवड मिळत नाही. वेइबोवर पुसल्या गेलेल्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये झाला. त्यांतल्या सुमारे ३० टक्के नोंदी अर्ध्या तासाच्या आत आणि जवळपास ९० टक्के दिवसभरात गेल्या होत्या.

म्हणून खेकड्याचं कौतुक करताना मी जरा हात आखडता घेतो. गंमत ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच ती कळते. बाकीचे पुढे सरकतात, आणि सरकारला तेवढं पुरतं. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवलं होतं, की चीनमध्ये नेत्यांवर कडक टीका करणाऱ्या नोंदी बऱ्याचदा राहू दिल्या जातात. लोक एकत्र जमतील असं वाटायला लावणाऱ्या नोंदी मात्र उचलल्या जातात, मग त्यांत सरकारची स्तुती का असेना. आपल्याकडे एवढी नजाकत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या अमरावतीत हिंसाचार उसळला तेव्हा इंटरनेटच बंद केलं गेलं. तिथं ऱ्हस्व उकार काय कामाचा?

नव्या गाळण्या तर अर्थही धरू लागल्या आहेत. कापूस, पऱ्हाटी, सरकी हे शब्द एकमेकांच्या आसपास येतात, हे यंत्र अफाट मजकूर चाळून शिकतं आणि त्यांना आकड्यांच्या नकाशावर जवळजवळच्या जागा देतं. ‘कापुस’ तिथे ‘कापूस’ला खेटूनच बसतो. ‘दाभडीचा चहा’ अजून सुटेल, कारण तो यंत्रानं शिकावं इतक्या वेळा कुणी लिहिलेलाच नाही. जिल्हाभर फॉरवर्ड झाला, की यंत्रालाही तो उमगायला लागेल आणि आर्णीकरांना दुसरं काहीतरी शोधावं लागेल.