गोधडी : मे महिन्याच्या सुट्टीतलं घरचं शिवणकाम



मे महिन्यात दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर गेलात, तर निदान एका तरी पडवीत हे चित्र दिसेल. आजी पाय पसरून बसलेली, मांडीवर जाडजूड कापडाचं ओझं, बाजूला माहेरी आलेली आत्या, आणि सुईत दोरा ओवून द्यायला एक-दोन नातवंडं. आजीची नजर अधू झालेली असते, म्हणून दोरा ओवायचं काम मुलांकडं. सुट्टीत आजोळी गेलेल्या कितीतरी मुलांनी हे काम केलंय. पण गोधडी मेमध्येच का शिवतात, ती कडेपासून आत का शिवत नेतात, तिच्यात किती दोरा लागतो, हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. म्हणून आजचा पाठ गोधडीचा.

आधी वेळापत्रक समजून घ्या

आपल्या भागात शेती म्हणजे भात, आणि भात म्हणजे पाऊस. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, दसरा-दिवाळीच्या आसपास कापणी, मग झोडणी. थंडी सरली की राब भाजायची तयारी सुरू होते. पावसाच्या चार महिन्यांत बाईच्या हाताला सवड नसते आणि कापडही नीट वाळत नाही. गोधडीत पाच-सहा थर असतात. एक थर जरी दमट राहिला तरी आत बुरशी धरते आणि पहिल्याच पावसाळ्यात वास यायला लागतो. त्यामुळे कापड कडक उन्हात वाळलेलं पाहिजे, आणि गोधडी पहिल्या पावसाआधी पुरी झाली पाहिजे. होळीनंतरचे दोन-तीन महिने त्यासाठी मिळतात. त्यातही मे महिना सोयीचा, कारण शाळांना सुट्टी, लेकी माहेरी, हाताखाली मुलं. लग्नसराईही तेव्हाच. हळदीच्या रात्री घरात तीस-चाळीस माणसं झोपणार असतील, तर अंथरूण लागतंच ना!

धुण्याचा हंगाम मात्र वेगळा. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर न्यायचं, पायांनी तुडवायचं, धोपटायचं आणि खडकावर वाळत घालायचं. तेव्हा काळू, शाई, भातसा या नद्यांना भरपूर पाणी असतं. मे महिन्यात त्याच गावात हंड्याला नंबर लागतो. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. भिजलेली गोधडी किती पाणी पिते हे ज्यांनी उचलून पाहिलंय, त्यांना मेमध्ये गोधड्या का धूत नाहीत ते सांगावं लागत नाही.

गोधडी आणि घोंगडी एक नव्हे

मुलं या दोन शब्दांत हमखास गोंधळतात. घोंगडी मेंढीच्या लोकरीची आणि ती मागावर विणतात. मुरबाड तालुक्यात म्हशाला पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. ती बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथं घोंगड्याही विकायला येतात. म्हणजे घोंगडी बाजारातून आणायची वस्तू. गोधडी घरातल्याच जुन्या कापडांचे थर एकावर एक ठेवून, हातानं टाके घालून होते. घाटावर तिलाच वाकळ म्हणतात.

कापड कुठलं, आणि किती

आता हिशोब करू. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. पन्हा जवळजवळ चार फूट. त्याचे सहा-सहा फुटांचे तुकडे केले तर चार पूर्ण थर मिळतात, आणि वर अर्ध्या तुकड्याएवढं कापड ठिगळांसाठी उरतं. एका लुगड्यात एका माणसाच्या गोधडीचं पोट भरतं. पाचवारी साडीत तीन थर जेमतेम निघतात. आजीच्या काळात गोधड्या पटापट कशा व्हायच्या, त्याचं एक कारण हेही आहे.

सगळ्यात चांगलं, न फाटलेलं कापड खाली अस्तराला. विरलेलं, भोकं पडलेलं मधल्या थरांना. वरच्या बाजूला रंगीत तुकडे जोडतात. परकर, सदरा, फ्रॉक, शाळेचा गणवेश, काहीही चालतं. फक्त कापड सुती हवं. माझ्या मते आज खरी अडचण इथंच आहे. शिवायला वेळ नाही असं आपण म्हणतो, पण वेळ काढला तरी घरात सुती कापड कुठं आहे? रोजच्या वापरातल्या साड्या बहुतेक पॉलिएस्टरच्या. त्या निसरड्या असतात, थर एकमेकांवरून सरकतात, टाका घट्ट बसत नाही. शिवाय १०० ग्रॅम सुती कापड हवेतला साधारण ८ ग्रॅम ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. अंगाखाली पॉलिएस्टरची गोधडी घेऊन झोपलात तर घाम कापडात न जाता अंगावरच राहतो. चुलीजवळ ठिणगी पडली तर सुती कापड जळतं, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, हेही लक्षात ठेवा.

जुनंच कापड का? नवं कापड खळ असलेलं, ताठ असतं. शेकडो वेळा धुतलेलं लुगडं इतकं मऊ होतं की त्यातून सुई सहज जाते. म्हणूनच बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचं करतात. यात गरिबीचा काही संबंध नाही. बाळाच्या नाजूक कातडीला नवं कापड टोचतं, एवढीच गोष्ट आहे.

शिवायची रीत

कापड धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, जुनी शिवण उसवून घ्यायची. सारवलेल्या जमिनीवर किंवा स्वच्छ फरशीवर अस्तर पसरायचं आणि चारही कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या, जे जड सापडेल ते ठेवायचं. त्यावर एकेक थर. प्रत्येक थर हातानं मधून कडेकडे सरकवत सपाट करायचा. घाई केली तर आत चुणी राहते, आणि ती चुणी झोपताना पाठीला कळते! सगळे थर बसले की लांब लांब कच्चे टाके घालून ते एकमेकांना धरून ठेवायचे. हे टाके शेवटी काढून टाकायचे असतात.

मग कडा आत दुमडून पक्की शिवण सुरू. टाका अगदी साधा, धावदोरा. सुई वर, खाली, वर, खाली. आमच्याकडं बहुतेक बाया एका कडेपासून सुरू करतात, चारही बाजूंनी फिरून परत तिथंच येतात, मग एक बोट आत सरकून दुसरा फेरा. असं आत आत जात मधोमध संपवतात. पूर्ण गोधडी लांबून पाहिली तर चौकोनात चौकोन दिसतात, जणू शांत तळ्यात कुणीतरी चौकोनी दगड टाकलाय. कड आधी पक्की झाली की थर बाहेर निसटत नाहीत, आणि गोधडी मांडीवर घेऊन हळूहळू फिरवत शिवता येते. मोठी चौकट लागत नाही.

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंता होतो आणि मुलं कंटाळतात. गाठ थरांच्या मध्ये लपवायची, वर ठेवली तर ती घासून सुटते. सुई ढकलताना बोटाला अंगुस्तान नसेल तर चिंधी गुंडाळा. तरीही एखादी सुई टोचणार, ते धरून चाला.

थोडं गणित, थोडं विज्ञान

पाचवीच्या पुढच्या मुलांनी हे करून पाहावं. गोधडी १८० सेंटिमीटर लांब, १२० सेंटिमीटर रुंद. फेऱ्यांमधलं अंतर २ सेंटिमीटर. एकूण शिवण किती लांब? प्रत्येक फेऱ्याची परिमिती काढून बेरीज करत बसलात तर दमाल. सोपी युक्ती अशी: शिवणीची प्रत्येक ओळ स्वतःच्या दोन्ही बाजूंचं मिळून २ सेंटिमीटर रुंद कापड सांभाळते. मग क्षेत्रफळाला २ नं भागा. १८० × १२० = २१,६००. भागिले २ म्हणजे १०,८०० सेंटिमीटर, म्हणजेच १०८ मीटर! दोरा दुहेरी ओवला तर २१६ मीटर, आणि गाठींचा वेगळा.

टाका आणि त्यानंतरची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरली तर टाके झाले १०,८००. मिनिटाला दहा टाके पडले तर १,०८० मिनिटं, म्हणजे १८ तास. एकटीला रोज दोन तास मिळाले तर नऊ दुपारी जातात. चौघीजणी चार बाजूंना बसल्या तर सव्वादोन. माहेरवाशिणी आल्यावरच गोधडी का काढतात, याचं उत्तर या भागाकारात आहे.

आता विज्ञान. गोधडी स्वतः उष्णता तयार करत नाही. थरांच्या मधे हवा अडकते, आणि अडकलेली, न हलणारी हवा उष्णतेची मंद वाहक असते. त्यामुळे अंगाची ऊब बाहेर जायला वेळ लागतो. तेवढ्याच जाडीचं एकच कापड घेतलं तर इतकी ऊब मिळत नाही. आता सांगा, टाके फार जवळजवळ आणि करकचून घातले तर गोधडी जास्त ऊबदार होईल की कमी? उत्तर आजीला विचारून या. तिनं 'दुर्वाहक' हा शब्द ऐकलेला नसेल, पण उत्तर तिला माहीत असेल.

१९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा हातकामातूनच बाकीचे विषय शिकवावेत हाच आग्रह होता. आपल्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला बहुतेक वेळा आइस्क्रीमच्या काड्यांचं घर होतं. त्या तासाला एकदा गोधडी आणून पाहा.

दुसरीकडंही हेच

बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंध-कच्छ-राजस्थानात रल्ली. नावं वेगळी, पण जुन्या कापडाचे थर आणि धावदोरा तोच. आपल्या सीमेपलीकडं, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडं सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. तीही कडेपासून आत शिवत नेतात, आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचं त्रिकोणी फूल लावतात. फुलाशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते.

गोधडीचा नकाशा

आता माझ्या वर्गातली गोष्ट सांगतो. एका वर्षी सुट्टीचा गृहपाठ म्हणून मी मुलांना घरातल्या एका गोधडीचा नकाशा काढायला सांगितला. कागदावर चौकोन आखायचे, प्रत्येक तुकड्याचा रंग भरायचा, आणि तो तुकडा कुणाच्या कुठल्या कपड्याचा हे घरात विचारून लिहायचं. कुणी लिहिलं, 'मोठ्या काकूचं लग्नातलं पातळ'. कुणी लिहिलं, 'आजोबांचं धोतर'. एका मुलानं खाकी चौकोनावर लिहिलं होतं, 'बाबांची चड्डी, इयत्ता चौथी'. त्याचे वडील आमच्याच शाळेत शिकलेले. आजीनं ती चड्डी टाकली नव्हती.

एका मुलीचा कागद मात्र जूनमध्ये आला नाही. तिचं कुटुंब कातकरी. दिवाळी झाली की आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्यासोबत मुलं जातात आणि शाळा मागं राहते. सामान म्हणजे दोन-चार भांडी आणि गोधड्यांचं गाठोडं. भट्टीवर तीच गोधडी रात्री अंथरायची, पहाटे गारठ्यात दाराला टांगायची, दुपारी तिच्याच सावलीत धाकट्याला निजवायचं. वर मी मे महिन्याचं जे कौतुक केलं, ते या घरांना लागू नाही. त्यांच्या आयांना ती दुपार मिळतच नाही. फाटलं तिथं भट्टीवरच ठिगळ, जो दोरा मिळेल त्यानं.

हे मला तो गृहपाठ देताना सुचलं नव्हतं. सुट्टी म्हणजे सगळ्यांची सुट्टी, असंच मी धरून चाललो होतो.

जुलैमध्ये ती मुलगी कागद घेऊन आली. चौकोन वेडेवाकडे, पण सतरा होते, मोजून. सोळांमध्ये नावं लिहिलेली. सतरावा रिकामा. विचारलं तर म्हणाली, "गुरुजी, हा कुनाचा ते आयलापन म्हाईत नाय. आजीला इचारते." आजी पलीकडच्या पाड्यावर राहायची. लावणीचे दिवस होते, पाऊस धो-धो. आठवड्याभरानं दुपारच्या सुट्टीत एक म्हातारी डोक्यावर इरलं घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. आत यायला तयार नव्हती. मी कागद घेऊन बाहेर गेलो. तिनं हिरव्या रंगाच्या त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि तिथंच उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली.