ॲनिलीन : एक मध्यस्थ रसायन

कापूस आणि धोतर यांच्यामध्यें जसें सूत, तसे रसायनांच्या धंद्यांत कच्चा माल आणि तयार वस्तु यांच्यामध्यें कांहीं पदार्थ असतात. बाजारांत ते आपल्या दृष्टीस पडत नाहींत. परंतु त्यांच्यावांचून पुढचें कांहींच होत नाहीं. त्यांस मध्यस्थ पदार्थ म्हणतात. त्यांपैकीं ॲनिलीन या द्रवासंबंधीं आज बोलावयाचें आहे.

प्रथम नांवाविषयीं, जुन्या मास्तराची ही खोडच समजा. आपला 'नील' शब्द अरबींतून पोर्तुगीज भाषेंत गेला, तेथें तो 'अनील' झाला, आणि त्यावरून हें नांव पडलें. कारण १८२६ सालीं उन्फरडॉर्बेन या जर्मन रसायनज्ञास हा पदार्थ निळीच्या ऊर्ध्वपातनांत मिळाला. पुढें १८३४ सालीं रुंगे यास तोच कोळशाच्या डांबरांत सांपडला. १८५६ सालीं पर्किन हा विद्यार्थी क्विनीन बनविण्याच्या खटपटींत होता. त्यास अशुद्ध ॲनिलिनापासून जांभळा रंग लाभला. विसाव्या शतकाच्या आरंभीं तर कृत्रिम नीळहि ॲनिलिनापासून होऊं लागली. निळीच्या पोटीं जन्मलेल्या पदार्थानें निळीची शेती बुडविण्यास असा हातभार लावला!

बेंझिनावर नायट्रिक व सल्फ्यूरिक आम्लांची क्रिया केली म्हणजे नायट्रोबेंझीन होतें, आणि त्यास हायड्रोजन दिला म्हणजे ॲनिलीन. ताजें असतां तें वर्णहीन, तेलासारखें, पाण्याहून किंचित् जड असतें. हवेनें व उजेडानें तपकिरी होतें. १८४ अंश सेंटिग्रेडला उकळतें. वास सडक्या मासळीसारखा. रंग, औषधें व रबराचीं रसायनें यांस तें लागतेंच. पण आज त्याचा मोठा वांटा शीतकपाटाच्या भिंतींत भरतात त्या पॉलियुरेथेन फेसाच्या कारखान्यांकडे जातो.

आतां मुख्य गोष्ट. हें विष तोंडानें किंवा श्वासानेंच शिरतें असें नाहीं. धड कातडींतूनहि तें आंत मुरतें. रक्तांतील हिमोग्लोबिनाचें लोह तें असें पालटवितें कीं, त्यास प्राणवायु वाहून नेतां येत नाहीं. ओंठ व नखें निळसर होतात, डोकें दुखतें, घेरी येते. लक्षणें कित्येकदां कांहीं तासांनीं दिसतात, म्हणून 'मला कांहीं होत नाहीं' या कामगाराच्या शब्दावर विसंबूं नये. इंग्लंडांत १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका हकीकतींत लंगोट्यांवर ॲनिलीनयुक्त शाईचे शिक्के होते. तेवढ्यानेंच तान्हीं मुलें निळीं पडलीं.

यास्तव हें काम खेळत्या हवेंत, ब्युटिल रबराचे हातमोजे घालून करावें. अंगावर सांडल्यास कपडे तत्क्षणीं उतरवावे आणि साबण व भरपूर पाण्यानें अंग धुवावें. जोडे व कमरपट्टा विसरूं नये. चामड्यांत मुरलेलें ॲनिलीन धुऊन निघत नाहीं, तें चामडें टाकूनच द्यावें. मग त्यास बरें वाटत असो वा नसो, रुग्णालयांत न्यावें. तेथें डॉक्टर शिरेंतून मेथिलीन ब्लू देतात. हें औषधहि ॲनिलिनाच्याच कुळांतला एक निळा रंग आहे! मात्र कांहीं माणसांत जन्मतःच एका विकराची उणीव असते, त्यांस तो अपाय करितो. म्हणून तो घरीं किंवा कारखान्यांत कोणीं देऊं नये.