चिनी मातीवरचं सिलिकॉन

वर्धा जिल्ह्यात देवळीजवळ पॉवरग्रिडचं ७६५ केव्हीचं उपकेंद्र आहे. सिवनी, रायपूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), निझामाबाद अशा लांबलांबच्या लाईनी इथे येऊन मिळतात. संपादकांना या उपकेंद्राचा परिचय हवा होता. मेगावॅटचे आकडे कागदावर मिळतात. मी अडकलो तो टॉवरला लोंबणाऱ्या, चिनी मातीच्या इन्सुलेटर डिस्कच्या माळांपाशी.

७६५ केव्हीच्या लाईनीवर कमाल ८०० केव्हीचा दाब धरतात. फार धुळीच्या, धुराच्या भागात दर केव्हीला पृष्ठभागावरून ३१ मिलिमीटर लांबी ठेवायची जुनी शिस्त आहे. हिशेब केला तर तार ते टॉवर, डिस्कच्या कडांवरून आणि खोबणींतून जाणारी वाट जवळपास २५ मीटर होते. सरळ हवेतलं अंतर त्याच्या साधारण पाव. बाकीची सगळी लांबी केवळ घाणीच्या धास्तीने.

कोरडी धूळ बिचारी काही करत नाही. ती ओली झाली की घात. दिवाळीनंतर वर्ध्यात पाऊस जवळपास थांबतो आणि काळ्या मातीची, जिनिंगची, कारखान्यांची भुकटी चिनी मातीवर महिनोन् महिने साचते. जानेवारीच्या पहाटे दव पडतं, धुळीतले क्षार विरघळतात आणि डिस्कवर खारट पाण्याचा पापुद्रा तयार होतो. त्यातून वीज झिरपू लागते. त्या उष्णतेने पापुद्रा मध्येमध्ये सुकतो, सुकलेल्या पट्ट्यांवरून ठिणग्या उडतात, ठिणग्या एकमेकींना जुळल्या की फ्लॅशओव्हर आणि लाईन ट्रिप. गंमत म्हणजे धो धो पाऊस इन्सुलेटर धुऊन काढतो. धोका दवाचा, धुक्याचा आणि रिमझिमीचा. (पहिल्या सरीत गावची बत्ती जाते, त्यात तापलेला पिन इन्सुलेटर थंड पाण्याने तडकण्याचा भाग असतो. ते दुखणं निराळं.)

यावर उपाय म्हणून चिनी मातीवर सिलिकॉन रबराचा थर फवारतात. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. हवेतल्या ओलाव्यानेच तो घट्ट होतो, भट्टी लागत नाही. मग पाणी पसरत नाही. अळूच्या पानावरच्यासारखे सुटे थेंब उभे राहतात आणि झिरपणाऱ्या विजेला सलग वाटच उरत नाही.

इथपर्यंत कोणताही मेणचट लेप पोचेल. धूळ बसली की त्याचा गुण त्या धुळीखाली गाडला जायला हवा. सिलिकॉनचं तसं होत नाही. रबरात काही आखूड, मोकळ्या साखळ्या शिल्लक असतात. त्या हळूहळू वर येतात, धुळीच्या थरात शिरतात आणि धुळीलाच पाणी झटकायला लावतात. ठिणग्यांनी पृष्ठभागाचा गुण गेला, तरी विश्रांती मिळाली की काही तासांत किंवा दिवसांत तो परततो. मला या थराचं कौतुक आहे ते यासाठी. प्रयोगशाळेतले कमळपानी लेप याहून चकचकीत दिसतात, थेंब त्यांच्यावरून अक्षरशः पळतो; पण त्यांचे सूक्ष्म खडबडीत उंचवटे वाऱ्याच्या मातीने घासले गेले की परत उगवत नाहीत.

पाणी झटकण्याचा हा गुण शाबूत आहे का, हे बघायची चाचणीही मजेशीर. साधी फवाऱ्याची बाटली घ्यायची, वीत-सव्वावीत अंतरावरून वीस-तीस सेकंद पाणी मारायचं आणि लगेच थेंबांकडे बघायचं. सुटे गोल थेंब दिसले तर पहिली श्रेणी, सगळीकडे पाण्याचा सलग पडदा झाला तर सातवी. स्वीडनमध्ये ठरलेली ही पद्धत जगभर चालते.

अडचणी मात्र फवारणीपासूनच सुरू होतात. जुन्या माळेवर फवारायचं तर आधी शटडाऊन हवा आणि एवढी लाईन बंद ठेवायला सहजासहजी कोणी राजी होत नाही. नंतर डिस्क निर्मळ धुऊन सुकवायची. धुळीवर फवारलेला थर पापुद्र्यासारखा निघतो. सिलिकॉन स्वतः मऊ, त्यामुळे धूळ उलट जास्त चिकटते. शिवाय त्या आखूड साखळ्यांची हालचाल उष्णतेवर अवलंबून. मे महिन्याच्या भट्टीत त्या भराभर वर येतात, तेव्हा दवच नसतं; दवाच्या थंड पहाटे नेमक्या त्या मंदावतात. माती बारीक आणि शोषणारी असेल तर वेळ आणखी लागतो.

थर किती म्हातारा झाला हेही बाहेरून नीट कळत नाही. ठिणग्यांच्या मारापासून जपायला त्यात ॲल्युमिनाची विशिष्ट पूड घालतात. तापली की ती पाणी सोडते आणि रबर जळू देत नाही. ती पूड उघडी पडून पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका दिसू लागला की झीज झाली हे समजतं, पण अजून किती वर्षं निघतील ते नाही. फवारा मारून बघायला हाताशी येणारे नमुने थोडे असतात. ४०० केव्हीच्या एका माळेतच २३ डिस्क, टॉवर किती ते वेगळंच. जुना थर खरवडून पुन्हा फवारणं हे पहिल्या फवारणीहून किचकट काम, आणि त्याला पुन्हा शटडाऊन लागतोच.