घरगुती कार लिफ्ट

घरगुती कार लिफ्ट हे मोटारगाडी जमिनीपासून वर उचलून धरण्यासाठी घराच्या गॅरेजमध्ये वापरले जाणारे यंत्र आहे. मराठीत ‘गॅरेज’ हा शब्द बहुधा दुरुस्तीच्या दुकानासाठी वापरला जातो. या लेखात तो घरालगतच्या, गाडी ठेवण्याच्या जागेसाठी वापरला आहे. लिफ्ट निवडताना तिची वजन उचलण्याची क्षमता प्रथम पाहिली जाते. मात्र स्पोर्ट्स कारसारख्या जमिनीलगत असणाऱ्या गाड्यांसाठी, पूर्ण खाली असताना लिफ्टची उंची किती आहे, हा निकष अधिक निर्णायक ठरतो.

इतिहास

पूर्वी गाडीच्या खालच्या भागाचे काम जमिनीत खणलेल्या खड्ड्यात उतरून केले जाई. अमेरिकेतील मेम्फिस येथील पीटर लुनाटी यांनी १९२५ मध्ये हायड्रॉलिक कार लिफ्ट विकसित केली. पुढे लहान आकाराच्या लिफ्ट उपलब्ध झाल्यावर हौशी वाहनधारकही त्या घरी वापरू लागले.

कमी उंचीच्या गाडीची अडचण

जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतरास ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये ते सुमारे १०० ते १३० मिमी असते. दोन आसनी स्पोर्ट्स कारचे वजन सहसा १,००० ते १,६०० किलोग्रॅम असते, तर घरगुती लिफ्टची क्षमता अनेकदा ३,००० किलोग्रॅम वा अधिक असते. त्यामुळे अडचण वजनाची नसून गाडीखाली लिफ्ट शिरण्याची असते.

रॅम्पवरून चढणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांपुढील भागही महत्त्वाचा असतो. उदाहरणार्थ, बंपर चाकापासून १,००० मिमी पुढे आणि जमिनीपासून १०० मिमी वर असेल, तर गाडी सुमारे ५.७ अंशांपर्यंतचा चढ न घासता चढू शकते. लिफ्टची पट्टी ११० मिमी उंच आणि रॅम्प ९०० मिमी लांब असल्यास चढ सुमारे ७ अंशांचा होतो व बंपर घासतो. रॅम्प १,५०० मिमी लांब केल्यास तोच चढ सुमारे ४.२ अंशांवर येतो. मात्र लांब रॅम्पसाठी गॅरेजमध्ये तेवढी जागा लागते.

प्रकार

* दोन खांबी लिफ्ट : चार बाहू गाडीच्या दारांखालील ठरावीक आधारबिंदूंवर टेकतात. चाके मोकळी राहत असल्याने ब्रेक व सस्पेन्शनचे काम सोपे होते. कमी उंचीच्या गाडीसाठी बाहू व त्यांवरील आधारगाद्या पुरेशा बुटक्या असाव्या लागतात.
* चार खांबी लिफ्ट : गाडी दोन पट्ट्यांवर चाकांवर उभी राहते. एकावर एक गाड्या ठेवण्यास ही सोयीची असते. परंतु चाके काढण्यासाठी वेगळा जॅक लागतो.
* कात्री लिफ्ट : खांब नसल्याने जागा कमी लागते, मात्र यंत्रणा गाडीखालीच असल्याने मधल्या भागापर्यंत पोहोचण्यास अडथळा येतो.
* सुटी चौकट लिफ्ट : गाडीच्या दोन्ही बाजूंखाली सरकवल्या जाणाऱ्या बुटक्या चौकटींची असते. रॅम्पची गरज नसते व काम झाल्यावर ती उचलून ठेवता येते. पण गाडी फार उंच जात नाही.

जमीन आणि छत

दोन खांबी लिफ्टचा सर्व भार दोन खांबांच्या तळाशी येतो आणि तो अँकर बोल्टद्वारे काँक्रीटमध्ये उतरतो. अनेक उत्पादक त्यासाठी किमान सुमारे १०० मिमी जाडीचे काँक्रीट आवश्यक मानतात. जास्त क्षमतेच्या लिफ्टसाठी ही मर्यादा वाढते. काँक्रीटमध्ये ताण दिलेल्या पोलादी तारा असल्यास त्यांची जागा निश्चित केल्याविना छिद्र पाडणे धोकादायक असते.

छताच्या बाबतीत कमी उंचीची गाडी सोयीची ठरते. खाली १.४५ मीटर व वर १.२० मीटर उंचीची गाडी, ०.१५ मीटर जाडीची पट्टी आणि ०.१० मीटर मोकळी जागा धरल्यास एकूण २.९० मीटर उंची लागते. अमेरिकेतील घरांत आढळणारे ८ फुटी (सुमारे २.४४ मीटर) छत त्यास अपुरे पडते. गॅरेजचे दार उघडल्यावर छताखाली सरकत असल्यास तेही मोजमापात धरावे लागते.

सुरक्षितता

गाडीखाली काम करताना भार हायड्रॉलिक दाबावर न ठेवता यांत्रिक कुलपांवर टेकवणे आवश्यक असते. कारण नळी फुटल्यास किंवा सील निकामी झाल्यास दाब नाहीसा होतो. दोन खांबी लिफ्टवर गाडी थोडी उचलून ती स्थिर आहे का, हे तपासल्यानंतरच पूर्ण वर नेली जाते. मध्यभागी वा मागे इंजिन असलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य मागे असतो आणि इंजिन काढल्यावर तो बदलतो. त्यामुळे गाडी कलंडण्याचा धोका संभवतो. अमेरिकेत ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट ही संस्था लिफ्टच्या प्रमाणीकरणाचे काम पाहते, तर युरोपात ईएन १४९३ हे मानक लागू आहे.